पोंगलचा कोलम : आधी ठिपके, मग रेषा
रेषा दारातल्या : लेखांक ६

संक्रांत आठवड्यावर आली आहे. आपल्याकडे भोगीच्या भाजीची आणि तिळगुळाची तयारी सुरू असेल, तेव्हा तमिळनाडूत पोंगलची धांदल असते. तिथेही पहिला दिवस भोगीचाच. जुन्या चटया, मोडकंतोडकं सामान त्या पहाटे जाळून टाकतात. दुसरा दिवस तै पोंगल, म्हणजे तै महिन्याचा पहिला दिवस. १४ किंवा १५ जानेवारीला नव्या तांदळाचा भात दुधागुळात शिजतो आणि तो उतू जाताच घरातले सगळे ‘पोंगलो पोंगल’ म्हणून ओरडतात. तिसऱ्या दिवशी मान गुराढोरांचा, चौथ्या दिवशी गाठीभेटी. या चारही दिवसांची सुरुवात दारात होते, कोलमने.

खरं तर ही तयारी महिनाभर आधीपासून चालते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा मार्गळी महिना हा मोठ्या कोलमांचा महिना. उजाडण्यापूर्वी दार झाडायचं, शेणपाण्याचा सडा घालायचा आणि जमीन ओलसर असतानाच कोलम काढायचा. मग शेणाचा छोटा गोळा मध्यभागी ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचायचं. पोंगल येईपर्यंत बायकांचा हात चांगला बसलेला असतो. चेन्नईत मयिलापूरला कपालीश्वर मंदिराजवळच्या उत्तर माड रस्त्यावर जानेवारीत कोलमची स्पर्धा होते, तेव्हा हा सराव भर रस्त्यात पाहायला मिळतो.

ठिपक्यांची रांगोळी आपल्याला नवी नाही. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद जमिनीवर ठेवून ठिपके उठवण्याची युक्ती कित्येक घरांत आजही चालते. आपण बहुतेक वेळा ठिपका ठिपक्याला जोडतो. तमिळ घरांतही तसे कोलम काढतात. पण तिथला खास प्रकार म्हणजे सिक्कु कोलम. त्यात रेषा ठिपक्याला कधीच शिवत नाही. ती दोन ठिपक्यांच्या मधून जाते, ठिपक्याला वळसा घालते, स्वतःलाच ओलांडते आणि निघाली तिथे परत येते. रेषा बंद झालीच पाहिजे आणि प्रत्येक ठिपका कोणत्या ना कोणत्या वळशात आलाच पाहिजे, हे त्याचे दोन नियम.

म्हणून नवख्या माणसाने आधी ठिपके शिकावेत. कोलम बिघडतो तो बहुधा रेषेत नाही, ठिपक्यांत. मांडणीचे प्रकार दोनच. पहिला नेर पुळ्ळी, म्हणजे ठिपक्याखाली ठिपका, सरळ रांगेत. दुसरा इडुक्कु पुळ्ळी. यात पुढच्या ओळीचे ठिपके आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेवर येतात. तमिळ मासिकांत नक्षीखाली ‘७ ठिपके, ४ पर्यंत’ अशी सूचना असते. आपल्या रांगोळीच्या पुस्तकांतही ‘१५ ते ८’ असं लिहिलेलं असतं, त्यातलाच हा प्रकार. सर्वांत लांब ओळ ७ ठिपक्यांची, मग वर आणि खाली ६, ५, ४ असं उतरत जायचं. एकूण ठिपके ३७. लांब ओळ नेहमी आधी घालावी. ती मध्यावर बसली की वरचा आणि खालचा भाग आपोआप तोलात येतो.

पहिला कोलम पाच ठिपक्यांचा घेऊ. एका ओळीत तीन ठिपके, मधल्या ठिपक्याच्या बरोबर वर एक आणि खाली एक. दोन ठिपक्यांत चार बोटं अंतर ठेवा. आता वरचा आणि मधला ठिपका यांच्या बरोबर मधून सुरुवात करा. रेषा तिरकी उजवीकडे उतरवा आणि मधल्या व उजव्या ठिपक्याच्या मधून पलीकडे न्या. उजव्या ठिपक्याला खालून वळसा घालून वरून परत या आणि आधीची रेषा ओलांडा. तशाच तिरक्या चालीने मधल्या आणि खालच्या ठिपक्याच्या मधून जा. खालच्या ठिपक्याला डावीकडून उजवीकडे वळसा घाला. मग डावा ठिपका, त्याला वरून खाली. शेवटी वरचा, त्याला उजवीकडून डावीकडे. रेषा सुरुवातीच्या जागी येऊन मिळते. चार ठिपक्यांभोवती चार पाकळ्या, मधल्याभोवती चौकट, आणि सगळं मिळून एकच अखंड रेषा. हात मध्येच थांबवावा लागला तर वळणावर थांबवू नका, सरळ भागात थांबवा. तिथला सांधा दिसत नाही.

दुसरा कोलम जोडरेषांचा, इडुक्कु मांडणीवर, ५ ते ३. ओळी ३, ४, ५, ४, ३ अशा पडतात, एकूण १९ ठिपके. मधल्या ओळीचं उजवं टोक, वरच्या ओळीचं डावं टोक आणि खालच्या ओळीचं डावं टोक जोडून एक त्रिकोण काढा. मग मधल्या ओळीचं डावं टोक, वरच्या आणि खालच्या ओळींची उजवी टोकं घेऊन दुसरा. सहा टोकांची चांदणी तयार होते. मांडणी बरोबर असेल तर त्रिकोणाची प्रत्येक बाजू आपल्या मध्यावर एका ठिपक्यातून जाते. तसं झालं नाही तर ओळी सरकल्या आहेत असं समजा आणि पुसून पुन्हा घाला. चांदणीच्या खाचांबाहेर सहा ठिपके उरतात, त्यांवर छोटी फुलं काढावीत. मध्यबिंदूपासून भोवतीच्या सहा ठिपक्यांपर्यंत सहा पाकळ्या काढा. पोंगलसाठी चांदणीच्या वर गळ्याला हळदीचं रोप बांधलेलं मडकं आणि दोन्ही बाजूंना उसाची कांडं हाताने काढली की झालं.

आता पिठाबद्दल. रोजच्या कोलमला तांदळाचं कोरडं, जरा रवाळ पीठ बरं. फार बारीक पीठ बोटांना चिकटतं आणि रेषा तुटते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून ते सोडत जायचं आणि हात खांद्यापासून हलवायचा, मनगटातून नव्हे. सणाच्या दिवशी भिजवलेले तांदूळ वाटून पातळ केलेल्या पिठाचा माकोलम काढतात. तो वाळला की पांढरा शुभ्र दिसतो आणि टिकतोही. त्याच्या कडेने गेरूची लाल रेघ ओढतात. दगडाची भुकटी आज सगळीकडे मिळते आणि तीच जास्त वापरली जाते, पण तांदळाच्या पिठामागे एक भावना आहे. मुंग्या आणि पाखरं ते खातात, म्हणजे दिवसाची सुरुवात कुणाला तरी चार कण खाऊ घालून होते. ज्या घरात मृत्यू झाला आहे तिथे कोलम काढत नाहीत. त्यामुळे रिकामं दार पाहूनच गल्लीला दुःख कळतं.

या ठिपक्या-रेषांनी गणितज्ञांनाही ओढलं. गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७० च्या दशकात मद्रासमध्ये कोलमचा अभ्यास केला. थोड्या नियमांनी एका लहान नक्षीतून मोठी नक्षी कशी वाढवता येते, हे त्यांनी संगणकशास्त्रातल्या चित्र-व्याकरणाच्या भाषेत मांडलं. तमिळ बायका हे नियम कागदाशिवाय पाळत आल्या आहेत. आईने पाच ठिपक्यांचा काढला, मुलीने त्याच नियमाने तेरा ठिपक्यांचा काढला, असं ते पुढे जातं. मला या कलेचं मोल यात वाटतं. तिला रंग लागत नाहीत, खर्च लागत नाही, लागते ती मोजणी आणि धीर.

मुंबईकरांना तर हे पाहायला लांब जायला नको. धारावीत पोंगलला नव्वद फुटी रस्त्यावर चुली मांडून बायका एकत्र पोंगल शिजवतात आणि माटुंग्यातल्या तमिळ घरांपुढेही कोलम असतात. येत्या संक्रांतीला तिथे चक्कर मारा, काढणारीला विचारा, ती नक्की सांगेल. तोवर घरच्या फरशीवर पाच ठिपक्यांचा कोलम रोज एकदा काढा. रेषा न अडखळता मिटू लागली की मगच तेरा ठिपक्यांकडे वळा. १, ३, ५, ३, १ अशी सरळ मांडणी करा, नियम तेच आहेत. पुढच्या आठवड्यात आंध्र-तेलंगणातला संक्रांतीचा मुग्गू आणि त्यावर मांडतात ते फुलं खोचलेले शेणाचे गोळे, म्हणजे गोब्बेम्मा, यांची ओळख करून घेऊ.