वाड्याच्या दुरुस्तीत निघालेले दप्तर

जुना वाडा दुरुस्तीला काढला की भिंतीतल्या बळदात, तुळईमागच्या पोकळीत किंवा माळ्यावरच्या पेटीत कागदांचे गाठोडे निघण्याचा संभव असतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीच्या वतनांचे, जमिनींचे आणि देवस्थानांचे कागद शहरात आणि कळंब्यासारख्या भोवतालच्या गावांत घराघरांत राहिले. त्यांतले बरेचसे मोडी लिपीत असल्याने आज घरच्यांनाही ते वाचता येत नाहीत, आणि वाचता न येणारा कागद सहज रद्दीत जातो.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे अशाच दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करीत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १७५० ते १७६१ या काळाची त्यातली पत्रे वाईत मिळाली होती. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते असे कागद जपण्यासाठीच.

जुना हातकागद चिंध्या आणि तागासारख्या धाग्यांचा असतो. त्याला खळ लावून, दगडाने घोटून गुळगुळीत करीत. तो चिवट असतो, पण खळ हे कसरीचे खाद्य आहे. बोरूने लिहिलेली काजळीची शाई उजेडाने फिकी पडत नाही. मात्र डिंकात कालवलेली असल्याने ओल लागली की पसरते. इंग्रजी अमदानीतल्या लोहयुक्त शाईचे उलटे आहे. ती आम्लामुळे कागदच खात जाते आणि अक्षराच्या जागी भोक उरते.

म्हणून सर्वाधिक नुकसान बळदात होते असे नाही. ते कागद सापडल्यावर, चांगल्या हेतूने होते. ओल्या फडक्याने पुसणे, उन्हात वाळवणे, चिकटलेल्या घड्या ओढणे, चिकटपट्टी लावणे, प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करणे, यांतली एकही गोष्ट करू नये. गाठोडे कुठे, कोणत्या क्रमाने होते याचे छायाचित्र आधी घ्यावे. गाठोड्याचा रुमाल सोडण्याची घाई नको, कारण कागदांचा मूळ क्रम हाही पुरावाच असतो.

कागद-संवर्धनाच्या प्रयोगशाळेत आधी मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढतात आणि शाई पाण्यात विरघळते का, हे एका अक्षराच्या कडेवर तपासतात. ती टिकणारी असेल तरच ओलसर हवेत ठेवून घड्या सैल करतात. आम्ल असल्यास सौम्य अल्कधर्मी द्रावणाने ते मारतात. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने जोडतात. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते. पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेट आणि ॲसिटोन वापरून हाताने लॅमिनेशन करीत. आता मात्र केलेले काम पुढे उलटवता आले पाहिजे, हीच कसोटी मानली जाते आणि ती योग्यच आहे.

दुरुस्त कागद आम्लविरहित वेष्टनात, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीची भीती असते, आणि कोल्हापूरचा पावसाळा ही मर्यादा सहज ओलांडतो. पंचगंगा नदीच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तळमजल्यावर दप्तर ठेवणे धोक्याचेच मानावे.

राज्याच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय कोल्हापुरातच आहे. दुरुस्तीत दप्तर हाती लागले तर ते न उलगडता आधी तिथे दाखवावे.