धावण्यातले मध्यंतर

नाटकाला मध्यंतर असते ते प्रेक्षकांच्या सोयीसाठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पडद्यामागे मात्र त्याच दहा मिनिटांत वेश बदलले जातात, देखावे उभे राहतात आणि नट पुढील अंकासाठी दम घेतात. धावण्याच्या शिक्षणात ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ नावाची जी पद्धती रूढ झाली आहे, तिचेही वर्म असेच पडद्यामागचे आहे. जोराने धावावे, थांबावे, पुन्हा जोराने धावावे, एवढाच तिचा अर्थ वरवर पाहणाऱ्याला लागतो. आणि हौशी धावपटू आपले सारे बळ त्यातल्या ‘जोराने’ या शब्दावर खर्च करून आठ दिवसांत पाय दुखवून घेतो. वस्तुतः ‘इंटरव्हल’ हे नाव पडले आहे ते दोन धावांमधल्या विश्रांतीवरून.

ही पद्धती हवी कशाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. कचेरी, शाळा किंवा दुकान सांभाळून रोज पहाटे पाच किलोमीटर धावणारा गृहस्थ घेऊ. पहिल्या सहा महिन्यांत त्याचा वेग आपोआप वाढतो. पुढे मात्र घड्याळाचा काटा एका ठिकाणी अडतो तो वर्षानुवर्षे हलत नाही. अधिक अंतर धावावे, तर कामाची वेळ आड येते. तेवढेच अंतर अधिक वेगाने धावावे, तर दुसऱ्या किलोमीटरलाच धाप लागून पुढची मजल रखडत काढावी लागते. शरीर ज्या ओझ्याला सरावले, त्यापेक्षा अधिक ओझे पेलण्याची तयारी ते स्वतःहून करीत नाही. आणि ते अधिक ओझे तर एका दमात उचलवत नाही, असा हा पेच आहे.

तो सुटतो कसा, हे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात फार स्पष्टपणे दिसले. क्रिस्टेन्सन, हेडमन आणि साल्टिन या शरीरशास्त्रज्ञांनी धावपटूला ताशी २० किलोमीटर वेगाने सलग धावावयास लावले. सुमारे चार मिनिटांत, म्हणजे जेमतेम १,३०० मीटर अंतरात, तो पूर्ण थकला. नंतर त्याच वेगाने, परंतु दहा सेकंद धाव आणि पाच सेकंद विसावा अशा तुकड्यांत त्याला धावविले, तेव्हा अर्ध्या तासात त्याने एकूण वीस मिनिटांची धाव पुरी केली. माणूस तोच, वेगही तोच. मधे पाच-पाच सेकंदांच्या फटी तेवढ्या पडल्या होत्या.

त्या फटींत काय घडते? वेगाने धावू लागताच स्नायूंची प्राणवायूची मागणी एकदम वाढते. पण श्वास आणि रक्ताभिसरण यांना त्या मागणीशी जुळवून घेण्यास दीड-दोन मिनिटे लागतात. मधल्या काळात स्नायू आपल्याजवळच्या साठ्यावर निभावून नेतात. जोर टिकून राहिला की हा साठा आटतो, रक्तातील लॅक्टेट वाढते आणि पाय जड होतात. या लॅक्टेटला एके काळी निव्वळ विष समजले जाई. तो समज आता मागे पडला असून हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधनासारखा उपयोग करतात, हे सिद्ध झाले आहे. विश्रांतीच्या क्षणी साठा अंशतः भरून येतो, लॅक्टेट वापरले जाते. पण धाप मात्र लगेच ओसरत नाही. म्हणून पुढील धाव सुरू होते तेव्हा हृदय व फुप्फुसे आधीच कामाला जुंपलेली असतात. पाय ताजे आणि हृदय कामात, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे. सलग धावण्यात ती कधीच साधत नाही.

हे सारे प्रयोगशाळेत कळण्याच्या पुष्कळ आधी मैदानावर उमगले होते. वोल्डेमार गेर्शलर या जर्मन शिक्षकाने हर्बर्ट राइंडेल या हृदयतज्ज्ञाच्या सहकार्याने नाडीच्या ठोक्यांवर एक नियम बसविला. धाव अशी असावी की, नाडी मिनिटाला १८० पर्यंत चढावी. मग थांबावे, आणि ती १२० वर उतरली की पुन्हा निघावे. हे उतरणे ९० सेकंदांच्या आत झाले नाही, तर दोष विश्रांतीचा नव्हे, धावेचा: ती फार लांब किंवा फार जलद झाली असे समजावे. हृदयाची खरी वाढ विश्रांतीच्या क्षणांतच होते, हे त्यांचे मत पुढील संशोधनाने जसेच्या तसे राहू दिलेले नाही; पण थकव्याचे माप विश्रांतीवरून घ्यावे ही त्यांची सूचना अद्याप मोलाची आहे. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ च्या जुलैत मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडून जागतिक विक्रम तब्बल १.८ सेकंदांनी खाली आणला. तो विक्रम सोळा वर्षे टिकला. हार्बिग स्वतः मात्र १९४४ साली युद्धात पडला.

मराठी माणसाला १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक आठवते ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकामुळे. त्याच दिवसांत तेथील धावमार्गावर या पद्धतीची जणू परीक्षाच चालली होती. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने २० ते २७ जुलै या आठ दिवसांत १०,००० मीटर, ५,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. त्यातली मॅरेथॉन तर त्याच्या आयुष्यातली पहिलीच होती. बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस सरावात ४०० मीटरच्या धावा चाळीस-चाळीस वेळा करी आणि मधली २०० मीटर हलकेच पळत विसावा घेई. हा आकडा ऐकून थक्क व्हावे. अनुकरण करू नये. आणखी एक शर्यत तेथे झाली. १,५०० मीटरमध्ये लक्झेंबर्गच्या जोझी बार्टेलने सर्वांना अनपेक्षितपणे मागे टाकले. तोही गेर्शलरच्याच हाताखाली तयार झालेला होता. त्या शर्यतीत चौथा आला लंडनमधील वैद्यकाचा एक विद्यार्थी, रॉजर बॅनिस्टर.

हौशी धावपटूने अभ्यासावे असे उदाहरण झाटोपेकचे नसून या बॅनिस्टरचे आहे. धावणे हा त्याचा धंदा नव्हता. सेंट मेरीज रुग्णालयातील शिक्षण आणि परीक्षा यांतून त्याला दुपारच्या सुटीत अर्धा-पाऊण तास मिळे. तेवढ्यात पॅडिंग्टनचे मैदान गाठून सराव उरकावयाचा. हेलसिंकीत पदक हुकले तेव्हा धावणे सोडून द्यावे, असे त्याच्या मनात आले होते. ते न सोडता त्याने चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याचा संकल्प केला. चार मिनिटांत मैल, म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या प्रत्येकी ६० सेकंदांत.

१९५३-५४ च्या हिवाळ्यातला त्याचा मुख्य सराव सांगावयास अगदी सोपा आहे: पाव मैलाच्या दहा धावा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटे विश्रांती. आरंभी प्रत्येक धाव ६६ सेकंदांची होती. हिशेब केला तर प्रत्यक्ष धावणे अकरा मिनिटांचे आणि विसावा अठरा मिनिटांचा, एकूण अर्ध्या तासाच्या आत सारे संपते. विसाव्याला धावण्याहून अधिक वेळ, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. धावांची संख्या त्याने वाढविली नाही, विश्रांती तोडली नाही. केवळ वेळ एकेक सेकंदाने खाली आणीत गेला. एप्रिलपर्यंत ६१ सेकंद झाले, आणि तेथे गाडे अडले. काही केल्या साठाचा आकडा येईना. तेव्हा तो ख्रिस ब्रॅशर या मित्राबरोबर सराव टाकून स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढावयास निघून गेला. काही दिवसांनी परत आल्यावर त्याच दहा धावा त्याने ५९ सेकंदांनी काढल्या. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर त्याने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पुरा केला. धावांमधली विश्रांती जशी सरावाचा भाग, तशीच आठवड्यांमधलीही असते, याचा याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

आता हे सामान्य माणसाच्या मापाला कसे बसवावयाचे? पाच किलोमीटरला तीस मिनिटे लागणारा धावपटू ४०० मीटर २ मिनिटे २४ सेकंदांत जातो. त्याने प्रथम दहा-पंधरा मिनिटे सावकाश धावून अंग गरम करावे आणि मग ४०० मीटरच्या सहा धावा सुमारे २ मिनिटे १२ सेकंदांनी काढाव्यात; मधे दोन-दोन मिनिटे चालावे किंवा रेंगाळत पळावे. कसोटी एवढीच की, सहावी धाव पहिलीइतक्याच वेळात व्हावी. पहिली दोन मिनिटांत आणि शेवटची अडीच मिनिटांत, असे झाले तर तो सराव फसला असे खुशाल समजावे, पहिल्या धावेचा अभिमान कितीही वाटला तरी. पुढे धावांची संख्या आठपर्यंत न्यावी, किंवा वेळ दोन सेकंदांनी कमी करावा, किंवा विश्रांती थोडी आखडावी. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करू नयेत. आठवड्यातून एक दिवस हा सराव पुरे. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने धावावे.

मैदान हाताशी नसले तरी अडत नाही. स्वीडनच्या गोस्टा होल्मेरने १९३०च्या दशकात ‘फार्टलेक’ नावाची जी रानातली धाव सुरू केली, तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘वेगाचा खेळ’ असा आहे. रस्त्यावरच्या दिव्याच्या दोन खांबांपर्यंत जोराने आणि पुढचे दोन खांब सावकाश, हा तोच खेळ होय. थोडी लांब धाव मानवणाऱ्यांसाठी चार मिनिटांच्या चार धावा, मधे तीन मिनिटे हलकी चाल, असा क्रम नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी तपासला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा असा सराव करणाऱ्यांची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता आठ आठवड्यांत ७.२ टक्क्यांनी वाढली. तेवढाच श्रम सलग संथ धावण्यात करणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही.

मग संथ धावणे निरुपयोगी काय? न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड या प्रश्नावर हसला असता. त्याचे शिष्य आठवड्याला शंभर मैल धावून प्रथम पाया बांधीत आणि मध्यंतराचा सराव शर्यतीपूर्वीच्या थोड्या आठवड्यांपुरताच ठेवीत. २ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये पीटर स्नेलने ८०० मीटर आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटर जिंकून त्याच्या म्हणण्याला वजन दिले. शंभर मैलांची गोष्ट संसारी माणसाने सोडून द्यावी, परंतु पायाचा मुद्दा सोडता येत नाही. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. नडगीचे हाड आणि घोट्यामागची शीर यांना महिने लागतात. म्हणून निदान दोन-तीन महिने नियमित संथ धावल्याखेरीज या वाटेला जाऊ नये. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि धावताना छातीत कधी दाटून आले असेल अशांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. १८० चा आकडा तर तरुण खेळाडूंसाठी होता, तो सर्वांनी नाडीवर मोजीत बसू नये.

आपल्या देशात हवेचाही हिशेब धरावा लागतो. चेन्नईच्या किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात अंग थंड राखण्यासाठी पुष्कळसे रक्त त्वचेकडे वळते, त्यामुळे त्याच वेगाला नाडी अधिक चढते आणि उतरावयास अधिक वेळ घेते. अशा दिवसांत घड्याळातले सेकंद वाढू द्यावेत, विश्रांती अर्ध्या मिनिटाने लांबवावी आणि सूर्य वर येण्यापूर्वी परतावे.