खो-खोच्या संघात नवा गडी : पहिले चौदा दिवस

जून महिन्यात शाळा उघडतात आणि जालना जिल्ह्यातील मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. भोकरदन असो, अंबड असो की परतूर. खो-खोला महागडे साहित्य लागत नाही. दोन खांब आणि सपाट जमीन मिळाली की भागते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियमात बांधलेला हा खेळ जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या विश्वचषकापर्यंत पोहोचला. तेथे भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच.

शाळेच्या संघात दरवर्षी नवी मुले-मुली येतात. त्यांतली काही मात्र तिसऱ्याच दिवशी यायची थांबतात. पाय उचलवत नाहीत, धाप लागते. "हा खेळ आपल्याला जमणार नाही," असे त्यांना वाटते. मित्रांनो, हा निष्कर्ष घाईचा आहे. नव्या कामाला जुळवून घेण्यासाठी शरीराला साधारणपणे दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ त्याला द्यायला हवा.

मांड्या का भरून येतात?

पळणारा गडी हुलकावणी देताना वेगात असतानाच एकदम थांबतो. त्या वेळी मांडीच्या पुढचा स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. जिना उतरतानाही हेच घडते. अशा कामाची सवय नसली तर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे लगेच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. हे दुखणे लॅक्टिक आम्लामुळे होते असे अनेकजण सांगतात. ते खरे नाही. श्रमाच्या वेळी वाढलेले हे द्रव्य खेळ थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून नाहीसे होते.

स्नायू भरून येतात ते अधिक कणखर होऊन. पुढच्या वेळी तेवढ्याच श्रमाने तेवढे दुखत नाही. म्हणून दुखत असताना हलका सराव करावा. पण पूर्ण बंद करू नये. मात्र दुखणे एकाच जागी टोचत असेल, सांधा सुजला असेल किंवा पाय टेकवत नसेल, तर ती दुखापत समजून सरांना लगेच सांगावे.

घामाचे गणित

चाळीस किलो वजनाचा विद्यार्थी दहा मिनिटे बऱ्या वेगाने धावला तर सुमारे ६५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. तिच्यातली बहुतेक शेवटी उष्णतेच्या रूपात शरीरात उरते. ती बाहेर पडलीच नाही तर शरीराचे तापमान सुमारे दोन अंशांनी वाढेल! पण १०० मिलिलिटर घामाची वाफ झाली की जवळजवळ ५८ किलोकॅलरी उष्णता निघून जाते.

येथे एक गोम आहे. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. पावसाळ्यात हवा दमट असते. घाम टपटप गळतो, पण अंग थंड होत नाही. याउलट मे महिन्याच्या कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच वाळतो आणि किती पाणी गेले हे कळतच नाही.

रोज थोडा थोडा सराव केला की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. रक्तातील पाण्याचा भाग वाढतो, तेवढ्याच धावण्याला नाडी कमी वेगाने चालते. म्हणून पहिल्या आठवड्यात जुन्या गड्यांच्या निम्माच सराव करावा आणि मग वाढवत न्यावा. दिवाळीची सुटी लांबली की ही सवय मोडते, हेही लक्षात ठेवावे.

एक प्रयोग करा. सरावापूर्वी आणि नंतर वजन करा. मधे किती पाणी प्यालात तेही मोजा. एक किलो वजन घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. चाळीस किलोच्या मुलाचे ८०० ग्रॅम घटले, तर तो पाणी फार कमी प्यायला.

पट्टी आणि चपळाई

बसलेल्या गड्याला 'खो' मिळण्यापूर्वी उठता येत नाही. मिळाल्यावर क्षणही दवडता येत नाही. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्यावर, आपली दोन बोटे उघडी ठेवा. न सांगता त्याने ती सोडली की पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला सुमारे ०.२० सेकंद लागला. १५ वर पकडलीत तर सुमारे ०.१७. हा आकडा सरावाने थोडाच सुधारतो. खरा फायदा होतो तो बसण्याच्या पद्धतीमुळे. वजन पुढच्या पायावर आणि हात जमिनीवर असले की पहिले पाऊल लवकर पडते. जुन्या गड्यांचे बसणे नीट पाहा.

लपवू नये अशी गोष्ट

नव्या गड्याला वाटते, चक्कर आली असे सांगितले तर संघातून काढतील. पण डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अंगावर काटा येणे या उष्णतेच्या त्रासाच्या खुणा आहेत. लगेच थांबून सावलीत बसावे, पाणी किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी प्यावे. एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अशा वेळी मिनिटामिनिटाला मोल असते.

शिक्षकांनी नव्या गड्यांची वेगळी यादी करून चौदा दिवस त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. आणि नव्या गड्यांनो, तिसऱ्या दिवशी पाय दुखले तरी चौथ्या दिवशी मैदानावर या. त्या दिवशी थोडेच धावा; पण या.