दावे मिटविण्याच्या अधिकाराचे प्रत्यायोजन (अमेरिका)

दावे मिटविण्याच्या अधिकाराचे प्रत्यायोजन म्हणजे शासकीय संस्थेविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा आला असता तो मान्य करणे, फेटाळणे किंवा तडजोडीने संपविणे हा वरिष्ठ पदाकडे असलेला अधिकार लेखी आदेशाने कनिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपविणे. अशा सोपवणुकीला रकमेची मर्यादा असते आणि अटी असतात. अमेरिकेच्या संघशासनात ही व्यवस्था मुख्यतः १९४६ च्या 'फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट' या कायद्यावर उभी आहे. शासकीय कर्मचाऱ्याने कर्तव्य बजावताना केलेल्या हयगयीमुळे नागरिकाच्या देहाला, जीविताला किंवा मालमत्तेला हानी पोहोचल्यास त्याची भरपाई शासनाकडे मागता येते, असे हा कायदा सांगतो. टपाल खात्याच्या मोटारीची धडक किंवा निवृत्त सैनिकांच्या शासकीय रुग्णालयातील चुकीचा उपचार ही त्याची नेहमीची उदाहरणे होत.

पार्श्वभूमी

राजावर त्याच्याच न्यायालयात दावा चालत नाही, हे इंग्लंडमधील तत्त्व अमेरिकेने स्वातंत्र्यानंतरही टिकवून धरले. परिणामी शासनाच्या गाडीखाली सापडलेल्या माणसाला न्यायालयाचे दार बंद होते. त्याला आपल्या लोकप्रतिनिधीमार्फत काँग्रेसमध्ये स्वतःपुरते खाजगी विधेयक आणवावे लागे. एका माणसाच्या भरपाईसाठी राष्ट्राच्या विधिमंडळाने विधेयक संमत करायचे, असा हा प्रकार होता. ज्याची ओळख आहे त्याचे काम होई, इतरांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत. काँग्रेसचा वेळ अशा कामांत जातो ही तक्रार जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या काळापासून होत आली होती.

१९२२ मध्ये एक छोटे पाऊल पडले. हयगयीने झालेल्या मालमत्तेच्या हानीचे एक हजार डॉलरपर्यंतचे दावे ठरविण्याची मुभा खात्यांच्या प्रमुखांना मिळाली. शारीरिक इजा मात्र त्यात बसत नव्हती. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात सैन्याचे एक बॉम्बफेकी विमान न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळून १४ जण मरण पावले. कायद्याची चर्चा त्याआधीच अनेक वर्षे चालू होती, त्यामुळे या अपघातामुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पुढच्या वर्षी संमत झालेला कायदा १ जानेवारी १९४५ पासूनच्या घटनांना लागू करण्यात आला, म्हणून या अपघातातील पीडितांनाही दाद मागता आली.

अधिकाराची उतरंड

१९४६ च्या कायद्याने खात्यांना एक हजार डॉलरपर्यंतचेच दावे आपसांत मिटविता येत होते. ही मर्यादा १९५९ मध्ये अडीच हजारांवर गेली. मूलभूत बदल १९६६ मध्ये झाला. तेव्हापासून पीडिताने न्यायालयात जाण्यापूर्वी संबंधित खात्याकडे लेखी दावा करणे बंधनकारक झाले, आणि खातेप्रमुखाला कितीही रकमेचा दावा मिटविता येऊ लागला. मात्र २५ हजार डॉलरांपेक्षा अधिक रक्कम द्यायची असल्यास ॲटर्नी जनरलची, म्हणजे देशाच्या महान्यायवादींची, लेखी पूर्वसंमती आवश्यक ठरविण्यात आली.

कायद्याने अधिकार दिला तो 'संस्थेचा प्रमुख किंवा त्याने नेमलेला अधिकारी' यांना. हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्याला अधिकार सोपविला त्याने तो पुढे सोपवू नये, असा विधीशास्त्राचा जुना दंडक आहे. इथे विधिमंडळानेच सोपवणुकीला परवानगी दिल्यामुळे तो आड येत नाही. परंतु सोपवणूक लेखी हवी, आणि ज्याच्याकडे जितका अधिकार आहे तितकाच त्याला पुढे देता येतो.

२५ हजारांचा आकडा कायद्यात तसाच राहिला आणि महागाईने त्याचे मोल घटत गेले. रुग्णालयाचे एखादे बिलही तो ओलांडू लागले. किरकोळ प्रकरणे न्याय विभागाकडे जाऊन रेंगाळू लागल्यावर १९९० च्या दुरुस्तीने महान्यायवादींना आपला संमतीचा अधिकार खातेप्रमुखांकडे सोपविण्याची मुभा दिली. जिल्ह्या-जिल्ह्यांतील संघशासनाच्या वकिलांना तडजोडीचा जेवढा अधिकार असेल, त्याहून अधिक मात्र सोपविता येत नाही. त्यानुसार निवृत्त सैनिक व्यवहार, टपाल, संरक्षण अशा दावे अधिक येणाऱ्या खात्यांना वेगवेगळ्या मर्यादा देणारे आदेश निघाले. खातेप्रमुख हा अधिकार आपल्या विधी अधिकाऱ्यांकडे लेखी सोपवू शकतो. मोठ्या रकमेची तडजोड केल्यास तिची कारणे सांगणारे टिपण लिहून त्याची प्रत न्याय विभागाला पाठवावी लागते. रक्कम मर्यादेत असली तरी दाव्यात कायद्याचा नवा मुद्दा किंवा धोरणाचा प्रश्न असेल, तर न्याय विभागाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. एका घटनेतून अनेक दावे उद्भवले असतील, तर पहिल्या लहान तडजोडीने पुढच्या मोठ्यांचा भाव ठरून जातो. तेथेही हेच लागू होते.

दाव्याची वाटचाल

घटनेपासून सामान्यतः दोन वर्षांच्या आत दावा खात्याकडे पोहोचला पाहिजे. त्यात निश्चित रकमेचा आकडा हवा. 'योग्य ती भरपाई मिळावी' एवढे लिहून भागत नाही. पुढे न्यायालयात त्या आकड्याहून अधिक मागता येत नाही, अपवाद नव्याने उजेडात आलेल्या पुराव्याचा. खात्याने सहा महिन्यांत निर्णय न दिल्यास दावेदार तो नकार समजून न्यायालयात जाऊ शकतो. लेखी नकार आल्यास त्यापुढे सहा महिने असतात. तडजोड स्वीकारली की शासन आणि तो कर्मचारी दोघेही त्या बाबतीत कायमचे मोकळे होतात. म्हणून वकिलाविना सही करणाऱ्यासाठी हा टप्पा सर्वांत नाजूक आहे. वकिलाचे शुल्क खात्याच्या पातळीवर मिटलेल्या दाव्यात २० टक्क्यांहून आणि न्यायालयात गेलेल्या दाव्यात २५ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

अडीच हजार डॉलरपर्यंतची रक्कम खाते स्वतःच्या तरतुदीतून देते. त्यावरील रक्कम बहुतेक खात्यांच्या बाबतीत १९५६ मध्ये स्थापन झालेल्या सामाईक 'जजमेंट फंडा'तून जाते. म्हणजे तडजोड ठरविणारे खाते आणि पैसे देणारी तिजोरी वेगळी. वरच्या संमतीची अट का ठेवली गेली, याचे एक कारण यातून कळते.

अधिकाराबाहेरील आश्वासन

अधिकाऱ्याने मर्यादा ओलांडून शब्द दिला तर शासन त्याला बांधील असते का? या प्रश्नावर अपकृत्याशी संबंधित नसलेला, पण नेहमी आधाराला घेतला जाणारा निवाडा म्हणजे 'फेडरल क्रॉप इन्शुरन्स कॉर्पोरेशन विरुद्ध मेरिल' (१९४७). आयडाहो राज्यातील शेतकऱ्यांनी हिवाळी गहू गेलेल्या सुमारे ४०० एकरांवर पुन्हा वसंती गहू पेरला आणि शासकीय महामंडळाच्या स्थानिक समितीने सर्व पीक विम्यास पात्र असल्याचे त्यांना सांगितले. दुष्काळात पीक गेले. तेव्हा फेरपेरणीचे पीक नियमांनुसार विम्यात येत नाही, असे म्हणून महामंडळाने भरपाई नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी महामंडळाची बाजू घेतली. नियम राजपत्रात प्रसिद्ध झालेले होते, आणि समोरच्या अधिकाऱ्याला अधिकार आहे की नाही हे पाहण्याची जोखीम नागरिकाची, असे बहुमताने ठरविले. शेतकऱ्याने पेरणी करता करता राजपत्र वाचावे ही अपेक्षा अवास्तव आहे, अशा आशयाची टीका न्यायमूर्ती जॅक्सन यांनी भिन्नमतात केली. ती आजही पटण्याजोगी आहे. कायदा मात्र बहुमताचाच राहिला.

मर्यादा

खात्याचा अधिकार कायद्याच्या पलीकडे जात नाही. ज्या कृतीत धोरणात्मक विवेकाधिकार वापरला गेला, परदेशात घडलेल्या घटना, आणि १९५० च्या फेरेस निवाड्यानुसार सैनिकाला सेवेच्या ओघात झालेली इजा, यांवर भरपाई मिळत नाही. १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सास सिटी बंदरात खताने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मेली. आठ हजारांहून अधिक दावेदार उभे राहिले, पण १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवेकाधिकाराच्या अपवादावर त्यांना परत पाठविले. अखेर १९५५ मध्ये काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून हे दावे तपासून मिटविण्याचे काम भूसेनेच्या सचिवाकडे सोपविले.

भारतातील स्थिती

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने १९५६ मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात तो सुचविला होता. शासनाच्या दायित्वाचा आधार संविधानाचा अनुच्छेद ३०० हा असून विद्यावती (१९६२) आणि कस्तुरीलाल (१९६५) या दोन निवाड्यांचा कल परस्परविरुद्ध आहे. शासनावर दिवाणी दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. या अवधीत योग्य दावा आपसांत मिटावा हा तिचा हेतू. प्रत्यक्षात नोटिसांना उत्तरेच येत नाहीत असे आढळल्याने सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात, उत्तराची जबाबदारी असलेला अधिकारी नेमण्याचे निर्देश शासनांना दिले. लोकअदालतीतील निवाडा अंतिम असतो. परंतु शासनाच्या वतीने तेथे बसलेल्या अधिकाऱ्याजवळ रक्कम मान्य करण्याचे अधिकारपत्र नसेल, तर प्रकरण पुढच्या तारखेवर जाते.