एका संगणकात दोन बिऱ्हाडे



विंडोज १० ची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ घालावे म्हटले तर किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. हप्त्याने घेऊन आठ-दहा वर्षे जपलेला संगणक या अटींत बहुधा बसत नाही. मग दुकानदार म्हणतो, ‘भंगारात द्या, नवा घ्या.’ पगारावर चालणाऱ्या घराला हे कसे परवडावे? शिवाय त्या संगणकात मुलांचा अभ्यास, जातीच्या दाखल्याची प्रत, शिष्यवृत्तीचे कागद, लग्नाचे फोटो असा सारा संसार साठलेला असतो. यावर एक उपाय आहे. जुने बिऱ्हाड न मोडता त्याच डिस्कवर लिनक्सचे दुसरे बिऱ्हाड थाटायचे.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. तिचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि जगाला खुला केला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन ही तिचीच रूपे. ती फुकट मिळतात, कितीही संगणकांत घालता येतात आणि त्यात चोरी नाही. मग विंडोज का ठेवायचे? कारण टॅलीसारखे हिशेबाचे प्रोग्राम विंडोजसाठीच बनवलेले असतात. नोकरीसाठी ते शिकणाऱ्या मुला-मुलींना विंडोज लागतेच. मात्र देखभाल संपलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करू नयेत. इंटरनेटची कामे लिनक्सवर करावीत आणि विंडोज टॅलीपुरते ठेवावे.

आता पार्टिशन. हा शब्द चाळीत राहिलेल्यांना शिकवायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत मध्ये लाकडी फळ्या ठोकल्या की एकीकडे चूल, दुसरीकडे अभ्यास. डिस्कचेही तसेच. फरक एवढाच, की इथली भिंत हलवताना चूक झाली तर पलीकडचे सामान नाहीसे होते. म्हणून पहिला नियम असा: भिंतीला हात लावण्यापूर्वी महत्त्वाचे सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नुसती नक्कल केली म्हणजे काम झाले असे नाही. ती उघडली पाहिजे. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

दुसरा नियम: विंडोजची खोली विंडोजकडूनच आखडून घ्यावी. त्यात ‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाची सोय आहे. तेथे सी ड्राइव्हवर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ केले की मोकळी जागा निघते. त्यानंतर ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असले तर विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धवट जागे राहते. अशा वेळी लिनक्सने त्याच्या खोलीत काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात.

५०० जीबीची डिस्क संगणकात ४६५ च्या आसपास दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. या ४६५ ची वाटणी आम्ही अशी सुचवतो: विंडोजला १५०, लिनक्सच्या प्रणालीला ५०, लिनक्समधील घरच्यांच्या सामानाला, म्हणजे ‘होम’ला, ५०, आणि दोघांच्या सामाईक कोठीला २००. उरलेल्या १५ मध्ये ईएफआय आणि रिकव्हरी अशी छोटी पार्टिशने असतात. त्यांना हात लावू नये. ईएफआय हा घराचा दरवाजा आहे. तो पुसला तर दोन्ही बिऱ्हाडे आत अडकतात.

सामाईक कोठी एनटीएफएस पद्धतीची ठेवावी. लिनक्स ती वाचते आणि तिच्यात लिहिते. विंडोजला मात्र लिनक्सची एक्स्ट४ पद्धत एरवी वाचता येत नाही. दाखले, फोटो, अभ्यास कोठीत असला म्हणजे एखादे बिऱ्हाड नव्याने थाटावे लागले तरी सामान जागेवर राहते. संगणक फार जुना असेल तर त्याची वाटणी एमबीआर पद्धतीची असते. तिच्यात मुख्य पार्टिशने चारच होतात. दुकानातून आणतानाच चारही भरलेली असतील तर पुढे जाऊ नये, जाणकाराला विचारावे.

लिनक्स घालण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. डिस्कला धक्का न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते पाहावे. पसंत पडले तरच पुढचे पाऊल. त्या वेळी पडद्यावर पर्याय येतात. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा सोपा पर्याय आहे. आमच्या वाटणीप्रमाणे करायचे तर ‘समथिंग एल्स’ निवडावे. आणि ‘इरेझ डिस्क’ म्हणजे सगळे पुसून टाका. तेथे बोट लावू नये. प्रत्येक पार्टिशनचा आकार कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा, जुळला तरच ‘पुढे’ म्हणावे. कचेरीत चेकवर सही करण्यापूर्वी आकडा दोनदा वाचतात, तसेच हे.

यानंतर संगणक सुरू करताच ‘ग्रब’ नावाची यादी येते आणि कोणत्या बिऱ्हाडात जायचे ते विचारते. एक गंमत घडेल. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स आतले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा आहे, ती दिली की तंटा मिटतो. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी साडेपाच तासांची चूक फार महाग पडते.

उरला दर्शनी भाग. विंडोजला एकच चेहरा असतो, लिनक्सला अनेक. याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. इंजिन तेच, गाडीची बॉडी वेगळी. केडीई आणि एक्सएफसीई १९९६ साली सुरू झाले, ग्नोम १९९७ साली. ग्नोम देखणे आहे, पण मेमरी जास्त खाते. दोन ते चार जीबी मेमरीच्या संगणकाला एक्सएफसीई मानवते. लिनक्स मिंट त्याच्यासह तयार मिळते. एकाच लिनक्सवर दोन-तीन चेहरे घालता येतात, पण तो मोह टाळावा. मेनूत एकाच कामाचे तीन प्रोग्राम दिसू लागतात, मांडणी एकमेकांत मिसळते, जागा भरते. मुलाला आणि मुलीला आपापली मांडणी हवी असेल तर प्रत्येकाचे वेगळे खाते उघडावे. चेहरा एकच, पण कपाटे वेगळी. मात्र चेहरा कितीही हलका असला तरी ब्राउझरमध्ये वीस पाने उघडली तर संगणक दमणारच. शक्य असेल तेव्हा जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. त्या खर्चाचे चीज होते.

मराठी टायपिंगची चिंता नको. सरकारने प्रमाण ठरवलेली इनस्क्रिप्ट पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील पत्रे मात्र तो फाँट नसेल तर निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. त्यांची पीडीएफ आधीच करून ठेवावी.

फॉर्मॅट मारून देतो म्हणणारा दुकानदार कामात तरबेज असेल, पण आत कोणाचे काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ते घरातल्यांनाच ठाऊक असते. म्हणून या कामाला घरातल्या शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला बसवावे, शेजारी वडीलधाऱ्यांनी बसावे आणि वाटणीचा कागद दोघांनी मिळून लिहावा. काम झाल्यावर तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा. पुढच्या वेळी संगणक अडला तर कोणते सामान कोठे आहे, हे तोच सांगेल.