देवाला सोडलेली माणसे : नायजेरियातील इग्बो धर्माची ओळख

आफ्रिकेतील पारंपरिक धर्म म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर मुखवटे, ढोल आणि जादूटोणा एवढेच येते. हे चित्र मिशनऱ्यांनी आणि वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी रंगवले, सिनेमाने ते पसरवले आणि आपण ते न तपासता स्वीकारले. मुळात आफ्रिकेचा एकच धर्म नाही, प्रत्येक समाजाची परंपरा वेगळी आहे. म्हणून या लेखात आपण एकाच समाजाकडे पाहू : आग्नेय नायजेरियातील इग्बो. त्यांच्या पारंपरिक धर्माला ओडिनानी म्हणतात. तो समजून घेताना आपल्या चळवळीलाही टोचणारा एक प्रश्न समोर येतो.

श्रद्धा

ओडिनानीला संस्थापक नाही आणि एकच असा धर्मग्रंथही नाही. चुक्वू हा सर्वोच्च निर्माता. पण रोजच्या जगण्यावर नजर असते ती अला या भूमिदेवीची. ती पिकांची देवी आहे, तशीच नीतीचीही. आपल्याच माणसाचा खून करणे हा केवळ माणसाविरुद्धचा नव्हे, तर भूमीविरुद्धचा गुन्हा मानला जातो. वारलेले पूर्वज घराण्याचाच भाग असतात. शिवाय प्रत्येक व्यक्तीची स्वतःची एक ‘ची’ असते. ‘ची’ म्हणजे जन्मापासून सोबत असणारी व्यक्तिगत दैवी शक्ती. माणसाने ठाम निश्चय केला तर त्याची ‘ची’ही त्याच्या बाजूने उभी राहते, असे इग्बो मानतात.

कला

१९३८ मध्ये इग्बो-उक्वू गावात पाण्याच्या टाकीसाठी खोदताना कांस्याच्या वस्तू सापडल्या. पुढे उत्खनन झाले. अत्यंत नाजूक कारागिरीच्या या वस्तू साधारण नवव्या शतकातील मानल्या जातात. आफ्रिकी लोकांना कला बाहेरच्यांनी शिकवली, या समजाला हे चोख उत्तर आहे.

ओवेरी भागातील ‘म्बारी’ ही परंपरा तर आणखी वेगळी. रोगराई किंवा नापिकी आली की अलासारख्या देवतेसाठी मातीचे घर बांधले जाई. गावाने निवडलेले स्त्री-पुरुष कित्येक महिने कुंपणाआड राहून मूर्ती घडवत. त्यात मुलांसह बसलेली अला असे, प्राणी असत आणि गोरा इंग्रज अधिकारीही असे. काम पूर्ण झाले की सोहळा होई. त्यानंतर त्या घराची डागडुजी होत नसे, ते पावसात विरघळू दिले जाई. महत्त्व जपून ठेवण्याला नव्हते, एकत्र येऊन घडवण्याला होते. अनित्यता मानणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

सण

सर्वात मोठा सण नव्या यामचा. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. साधारण ऑगस्टच्या सुमारास तो साजरा होतो. गावातील ज्येष्ठ व्यक्ती पहिला याम देवतांना आणि पूर्वजांना अर्पण करते. त्याआधी नवा याम खायचा नाही, असा नियम. मुखवटे घालून नाचणारे पूर्वजांचे रूप मानले जातात. आज बहुसंख्य इग्बो ख्रिस्ती आहेत, तरी हा सण लंडन-अमेरिकेतही साजरा होतो.

दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, किती सुंदर परंपरा! पण याच परंपरेत ‘ओसू’ होते. ओसू म्हणजे देवाला सोडलेली माणसे. एकदा देवतेला वाहिले की तो माणूस आणि त्याची पुढची प्रत्येक पिढी ओसू. त्यांच्याशी लग्न नाही, वस्ती वेगळी, दफनही वेगळे. देवदासी प्रथा आणि गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत ओसूंनी केसांना वस्तरा लावायचा नसतो, वाढलेल्या जटा हीच त्यांची खूण. ते नव्या चर्चमध्ये येतात तेव्हा आधी धर्मांतर केलेलेच त्यांना विरोध करतात. पण तिथला इग्बो धर्मशिक्षक ठाम राहतो आणि त्यांना जटा कापायला सांगतो. दोघे भीत भीत केस उतरवतात, काहीच विपरीत घडत नाही आणि गावातील बहुतेक ओसू त्यांच्या मागे येतात. देवदासींची जट कापताना दाटून येणारी भीती आणि नंतरचा मोकळा श्वास आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने कायदा करून ओसू प्रथा रद्द केली ते वर्ष होते १९५६. त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण दोन्हीकडची माणसे जन्माने लादलेल्या हीनतेतूनच बाहेर पडत होती.

कायदा झाला, धर्म बदलला, तरी ओसू प्रश्न संपला नाही. चर्चमध्ये एका बाकावर बसणारी कुटुंबे लग्नाची बोलणी सुरू झाली की आजही चौकशी करतात : मुलगी ओसू घराण्यातली तर नाही ना?

आपल्यासाठी

यातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, कोणत्याही समाजाच्या धर्माला ‘रानटी’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. आपल्यालाही तेच म्हटले गेले आहे. दुसरी, परंपरा प्राचीन आणि सुंदर आहे म्हणून ती न्याय्य ठरत नाही. तिची पारख तिने सर्वात खाली ठेवलेल्या माणसाच्या जागेवरून करावी लागते.

हीच कसोटी आपल्यालाही लावूया. आपल्या वधू-वर मेळाव्यांत पोटजात विचारली जाते, हे आपण सगळे जाणतो. दीक्षाभूमीवर एका रांगेत उभे राहणारे आपण सोयरीक जुळवताना वेगळ्या रांगेत का उभे राहतो? ओसूंच्या लढ्याविषयी हळहळ वाटत असेल, तर पुढच्या मेळाव्याच्या फॉर्ममधून तो एक रकाना काढून टाकण्यापासून सुरुवात करूया.

जय भीम!