बटण काटकसरीचे, सवय उधळेपणाची

मोटारीतील एक बटण दाबले की इंधनाची बचत आपोआप होते, अशी समजूत अलीकडे आपल्याकडेही रूढ होऊ लागली आहे. टाटांच्या नेक्सॉनमध्ये ‘इको’, ‘सिटी’ व ‘स्पोर्ट’ असे पर्याय आले. महिंद्रांच्या २०२१ सालच्या एक्सयूव्ही ७०० च्या डिझेल प्रकारात त्यांनाच ‘झिप’, ‘झॅप’, ‘झूम’ अशी नावे मिळाली. नावे आकर्षक खरीच; परंतु त्यांचा अर्थ जाणून घेण्याची तसदी किती ग्राहक घेतात?

वस्तुतः या बटणाने इंजिन बदलत नाही. पूर्वी अ‍ॅक्सिलरेटर तारेने इंजिनाशी जोडलेला असे. आता पायाचा दाब संगणकाला कळतो आणि शक्ती किती द्यावयाची हे तो ठरवितो. ‘इको’मध्ये तो हात आखडता घेतो; ऑटोमॅटिक गाडीत वरचा गिअर लवकर टाकतो. ‘स्पोर्ट’मध्ये तेवढ्याच दाबाला गाडी अधिक जोराने उसळते व गिअर उशिरा बदलतो.

म्हणजे बटण काटकसरीस साहाय्य करते, काटकसर करीत नाही. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो. हा हिशेब कोणत्याही बटणाने चुकत नाही. वेग घ्यावयाचा आणि लगेच ब्रेक दाबावयाचा, ही सवय असणाऱ्याचे इंधन ‘इको’मध्येही वायाच जाते.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. कापसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातील अरुंद रस्त्यांवर भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर ओलांडावे लागतात. समोरून ट्रक येत असताना ‘इको’तील गाडीने अपेक्षित उठाव घेतला नाही, तर क्षणाचा विलंब प्राणावर बेतू शकतो. उलट, पावसात काळ्या मातीचा चिखल डांबरावर पसरला असता ‘स्पोर्ट’ची उसळी चाके घसरविते. आणि ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, ते यांपैकी कोणताही पर्याय कमी करीत नाही.

बाजारात निवडीचे स्वातंत्र्य असते, असे आपण मानतो. परंतु माहितीवाचून केलेली निवड ही निवडच नव्हे. म्हणून गाडीची किल्ली हाती देतानाच विक्रेत्याने ग्राहकास हे तिन्ही पर्याय रस्त्यावर चालवून दाखवावेत आणि सोबत मराठी पुस्तिका द्यावी, हा आग्रह ग्राहकांनीच धरला पाहिजे. लाखो रुपये मोजणाऱ्यास अर्ध्या तासाचे शिक्षण मागण्याचा अधिकार निश्चितच आहे.